तारोडीचं कललेलं क्षितिज

१

कौस्तुभचं प्रेत तारोडीच्या समुद्राकाठच्या खडकांत सापडलं, आणि त्याचा ड्रोन वर कातळावर, पिशवीत नीट भरून, चेन लावून ठेवलेला. माणूस पाय घसरून पडला असेल तर पिशवीची चेन कोण लावतं? एवढ्या एका प्रश्नावर आमच्या अख्ख्या पूनम सागर वसाहतीनं निकाल देऊन टाकला: पोरानं जीव दिला. साखरपुडा मोडला होताच. कारण शोधायला कुणाला फार लांब जावं लागलं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याची आई, शुभदावहिनी, ती पिशवी पोटाशी धरून माझ्या दुकानात आल्या.

पूनम सागरमध्ये माझं कॅमेरे आणि ड्रोन दुरुस्तीचं दुकान आहे. इंजिनिअर होऊन शेवटी हेच का, असं माझे नातेवाईक विचारतात. त्यांच्या लग्नांचे बिघडलेले व्हिडिओ कोण जुळवून देतं, ते सोयीनं विसरतात. कौस्तुभ ड्रोन उडवायला शिकला तो माझ्याकडे. पुढे त्यानं जितेशबरोबर लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ काढला, तरी जाता येता डोकावून माझा चहा फुकट प्यायचा.

"मी उघडलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "पोलिसांनी जितेशकडे दिली, त्यानं मला आणून दिली. मला चेन ओढवत नाही, नीलमताई."

"मी काय करू, सांगा."

"पोलिसांनी त्याच्या फोनमधला व्हिडिओ बघितला. म्हणे, नुसते खडक आणि पाणी काढलंय, पुन्हा पुन्हा. म्हणे, जागा बघत होता." त्यांचा आवाज कोरडा होता. "मला एवढंच सांगा. तो पडला की त्यानं उडी मारली? त्यानं उडी मारली असेल तर मला त्याचा राग येतो हो. सारखा येतो. आपल्या मेलेल्या मुलाचा राग करत किती दिवस जगायचं?"

त्यांच्या डोळ्यांपुढे दिवसकार्याची सकाळ असावी, कारण माझ्याही पुढे तीच आली. उत्तमराव, कौस्तुभचे वडील, पाणी सोडायला बसले होते. सारखा चुकून डावा हात पुढे करत होते आणि गुरुजी पुन्हा पुन्हा हात बदलायला सांगत होते. बापाला मुलाचं पाणी सोडायला लागावं यासारखं वाईट काही नाही.

वहिनी गेल्यावर मी पिशवी उघडली. ड्रोन एका जुन्या सुती फडक्यात गुंडाळलेला होता. घट्ट दोन वेढे, आणि टोक आत खोवलेलं. कॅमेऱ्याला बसवायचं प्लास्टिकचं झाकण मात्र बाजूच्या कप्प्यात तसंच पडलेलं. मी कार्ड काढून शेवटचा व्हिडिओ लावला.

खडक. फेस. पुन्हा खडक. आणि मागं समुद्राची रेघ, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

मी व्हिडिओ थांबवला. दुसऱ्याच्या घरातला फोटोसुद्धा वाकडा दिसला तर उठून सरळ करणारा मुलगा तो. हा व्हिडिओ कौस्तुभनं काढलेला नव्हता.

२

वाटणं आणि ठरणं यांत फरक आहे, म्हणून मी ड्रोन आधी टेबलावर घेतला.

ड्रोनच्या कॅमेऱ्याला मोटरवर फिरणारी एक मान असते. तिला गिंबल म्हणतात. वाऱ्यात ड्रोन कितीही हिंदकळला तरी ती कॅमेरा आडवा धरून ठेवते. पण आडवं म्हणजे काय, हे तिला शिकवावं लागतं. ड्रोन सपाट जागी ठेवायचा, फोनवर कॅलिब्रेशनचं बटण दाबायचं, आणि ती मान वरखाली डावीउजवीकडे फिरून आपली रेषा ठरवते. जागाच तिरकी असेल तर तिचा समज कायमचा तिरका होतो. आपल्याकडं काही घराण्यांचं होतं तसंच.

रेघ वाकडी दिसायला तीन कारणं असू शकतात. वारा असला तर रेघ हलते, पुन्हा सरळ होते. इथं ती ढिम्म हलत नव्हती. मान आपटून वाकली असेल तर डोळ्यांना दिसतं. ड्रोनला एका कोपऱ्याला ठोकर लागलेली होती, पण मान शाबूत होती, मोटरही. राहिलं कॅलिब्रेशन. त्याच दिवशीचे आधीचे व्हिडिओ मी पाहिले. ते अगदी सरळ होते. म्हणजे मधल्या वेळात ड्रोनला ठोकर लागली, फोननं कॅलिब्रेट करायला सांगितलं, आणि कुणीतरी ते तिरक्या जागी केलं.

कौस्तुभ ते कधीच करणार नव्हता. त्याच्या पिशवीत ग्रॅनाइटचा एक तुकडा आणि छोटी पाणसळ असायची, फरशी समतल आहे का बघायची ती बुडबुड्याची पट्टी. उत्तमराव जन्मभर फरशीकाम करत आले. पोराला त्यांनी वारसा दिला तो हाच. तुकडा आणि पाणसळ दोन्ही कप्प्यात कोरडी, न वापरलेली होती.

ड्रोन उलटा केला तर चारही पायांना निळा रंग लागलेला.

मी तो गच्चीवर नेला. उडाला, स्थिर झाला. वर न्यावा म्हणून मी रिमोटची डावी दांडी पुढे लोटली, तर ड्रोन वर न जाता सरळ पाण्याच्या टाकीवर चाल करून गेला. वेग कासवाचा होता म्हणून वाचला. मी खाली उतरवून सेटिंग बघितलं. दोन्ही दांड्यांची कामं अदलाबदल केलेली होती, आणि वेग नवशिक्यांचा लावलेला. दहा वर्षं उडवणाऱ्या माझ्यासारखीला घाम फुटला. कौस्तुभ तर सुसाट उडवायचा, त्याला ओरडून ओरडून माझा घसा बसायचा.

म्हणजे त्या दिवशी कातळावर तो एकटा नव्हता. आणि दुसरं कुणी होतं ते अजून गप्प होतं.

३

जितेश काशीमिऱ्याच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये लग्नाचे दिवे लावत होता. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"ताई, मी आधीच सांगतो, आमचं भांडण झालेलं. सगळ्यांना माहीत आहे."

"कशावरून?"

"रविवारवरून. लग्नं कधी असतात? रविवारी. आणि हा म्हणायचा रविवारी दुपारी मी नाही. का नाही, तर सांगायचा नाही. मी बोललो, पार्टनर आहेस की पाहुणा? खूप बोललो ताई." त्यानं हातातली वायर उगाच गुंडाळली. "तो गेला त्या रविवारी मी इथंच होतो. याच हॉलमध्ये. दोनशे माणसं साक्षीला आहेत, पण त्याचं काय करू? शेवटचं बोलणं तेच राहिलं ना."

"पिशवी तू उघडलीस?"

"नाही. पोलिसांनी बाहेरच्या कप्प्यातला फोन काढून बघितला. ड्रोन कुणी काढला नाही. मीही नाही. हिंमत झाली नाही, यार."

मी फडक्याबद्दल विचारलं. त्याला माहीत नव्हतं. कौस्तुभ झाकण लावल्याशिवाय ड्रोन पिशवीत ठेवायचा नाही, एवढं तो म्हणाला, आणि ते मलाही माहीत होतं. माझ्या मनात जितेशचं नाव तिथंच गळालं. ड्रोन हाताळणाऱ्या माणसाची बोटं झाकणाकडे आपोआप जातात. शिवाय त्याला काही लपवायचं असतं तर त्यानं तो व्हिडिओ केव्हाच पुसला असता. ज्यानं पुसला नाही त्याला एक तर पुसता येत नव्हतं, नाहीतर पुसायचंच नव्हतं.

"जितेश, रविवारी तो कुणाला भेटायचा?"

"मला वाटायचं स्वप्नालीला," तो म्हणाला. "साखरपुडा मोडला तरी भेटत होते ते. घरी कुणाला माहीत नाही."

४

स्वप्नाली भाइंदरला एका पतपेढीत काम करते. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासोबत बाहेर आली, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "माझ्यामुळे नाही गेला तो. माझ्याकडे रोज सगळे तसं बघतात. माझ्यामुळे नाही."

"मग साखरपुडा?"

"आम्ही दोघांनी मिळून मोडला. मला पुढे शिकायला बाहेर जायचंय. तो म्हणाला, जा, मी काय तुला दोरी बांधून ठेवू? घरच्यांना सांगताना त्यानं दोष स्वतःवर घेतला. आणि आता लोक म्हणतात प्रेमभंग." ती रागानं रडत होती. "तो मजेत होता हो ताई! मजेत असलेल्या माणसाला मेल्यावर दुःखी करून टाकलं या लोकांनी."

"रविवारी तुम्ही भेटायचा?"

"रविवारी? नाही. रविवारी त्याची शिकवणी असायची." ती डोळे पुसत थोडी हसली. "कुणालातरी ड्रोन शिकवत होता. मी विचारलं कोण, तर म्हणाला, माझा विद्यार्थी लाजतो, कुणाला सांगू नको म्हणतो. चांगलं यायला लागलं की मग सगळ्यांना दाखवायचंय त्याला. हट्टी आहे म्हणाला, पण हात असा स्थिर की विचारू नको."

मी तिथंच फुटपाथवर उभी राहिले. एक नाव मनात आलं होतं आणि ते येऊ नये असं मला फार वाटत होतं.

५

ते नाव खोटं ठरावं म्हणून मी तारोडीला गेले.

कातळाच्या मागं, लाटा येत नाहीत अशा जागी, एक होडी टेकू लावून उभी होती. निळीशार. नाथा नावाचा तिचा मालक शेजारी जाळं सांधत बसला होता. याच माणसानं पूर्वी कौस्तुभशी वाद घातला होता, बायका मासळी सुकवतात तिथं वरून ड्रोन फिरवतोस म्हणून. पोलिसांनीही त्याला विचारून झालं होतं.

"भांडलू मी. खोटा कशाला बोलू?" तो म्हणाला. "पन मंग पोरगा आला, म्हनाला, नाथाभाऊ, पुन्यांदा न्हाय करनार. केला न्हाय त्यानी. चांगला पोर व्हता."

"होडी अजून इथंच?"

"इंजिन गेलाय दुरुस्तीला. तवा पासना अशीच हाय."

"त्या रविवारी रंग ओला होता?"

त्यानं मान वर केली. "तुला कोनी सांगला? सकाली रंग मारला आन् मी जेवाया घरा गेलू. येऊन बघतू तं फळीवर ठसं. दोन हिकडं, दोन तिकडं. मी म्हनलं कुतरा वर चरला असंल."

त्यानं मला वर चढवलं. वाळलेल्या रंगात ड्रोनच्या पायांचे ठसे स्पष्ट होते. मी तिथं मोबाइल ठेवून उतार मोजला. समुद्राची रेघ व्हिडिओत जेवढी कलली होती तेवढाच उतार, आणि त्याच बाजूला. नाथानं हे केलेलं नव्हतं, आपल्याच हातानं मारलेल्या ओल्या रंगावर कोण काही ठेवेल? आसपास सपाट कातळ भरपूर होता, पण तो ओला आणि खडबडीत. घाबरलेल्या माणसाला जवळची फळी दिसली, एवढंच.

मग मी कातळाच्या टोकाला गेले. व्हिडिओत ड्रोन याच जागेवर पुढेमागे फिरत होता. हळूहळू, थांबत, लाटांच्या अगदी वर. जागा बघणारा माणूस असं करत नाही. हरवलेलं माणूस शोधणारा करतो.

"नाथाभाऊ, इथं कुणी पाण्यात पडलं तर?"

"भरती असली तं गेला त्यो." नाथानं हात झटकला. "धा होऱ्या उभ्या असत्या तरी काय व्हनार न्हाय. आमचंबी गेलंत हितं."

दहा होड्या असत्या तरी काही होणार नाही, हे मी त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. कुणाला तरी ते सांगायला लागणार होतं.

६

दार वहिनींनी उघडलं. उत्तमराव खिडकीपाशी जमिनीवर बसून आपली हत्यारं पुसत होते. काम सुटून बराच काळ झाला, तरी रोज पुसतात म्हणे. थापी पुसली, मोठी पाणसळ पुसली, सगळं डाव्या हातानं. मग पाणसळ जुन्या सुती फडक्यात ठेवली, घट्ट दोन वेढे दिले आणि टोक आत खोवलं.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"कळलं का काही?" वहिनींनी विचारलं.

"त्यानं उडी मारलेली नाही, वहिनी."

त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. उत्तमरावांनी वर पाहिलं नाही.

"शेवटचा व्हिडिओ त्यानं काढलेला नाही," मी म्हणाले. शक्य तेवढं हळू बोलत होते. "तो काढला तेव्हा कौस्तुभ पाण्यात होता. कुणीतरी ड्रोन उडवून त्याला शोधत होतं. त्या माणसासाठी कौस्तुभनं रिमोटच्या दांड्या उलट लावून दिल्या होत्या, कारण तो माणूस डावखुरा आहे. वेग कमी ठेवला होता, कारण तो शिकत होता. रविवारी रविवारी. त्याला झाकण लावायची सवय नव्हती. पण काम संपलं की हत्यार पुसून, फडक्यात गुंडाळून, पिशवीत ठेवायची सवय मात्र चाळीस वर्षांची होती. डोकं ठिकाणावर नसलं तरी हातांनी ते केलं. आणि लोकांना ती बंद पिशवी दिसली."

मी उत्तमरावांकडे वळले.

"उत्तमराव, मला एकच पटत नव्हतं. तुम्ही, आणि तिरक्या फळीवर ठेवलंत?"

"दिसलंच नाही," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी बोलल्यासारखा आवाज होता. "तिरकं आहे की सरळ, काय दिसतच नव्हतं."

"काय बोलताय तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी भाइंदरला गेला होतात. जुन्या मिस्त्रीकडे."

"त्याच्यासोबत होतो." त्यांनी फडक्यातली पाणसळ मांडीवर घेतली. "रिटायर झाल्यापासून घरात बसून सडत होतो. तो म्हणाला, बाबा, चला, शिकवतो. तुला नंतर दाखवणार होतो. त्या दिवशी माझ्या हातून ड्रोन खालच्या खडकावर आपटला. मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, जाऊ दे काय, हे बघा आणतो. उतरला. उचलून घेतला. वर मी वाकलेलो, हात पुढे केलेला. माझा हात धरायचा सोडून त्यानं ड्रोन वर केला. म्हणाला, बाबा, आधी हे धरा."

मी वहिनींकडे बघू शकले नाही.

"मी धरला. दोन्ही हातांनी. हातातून निसटायला नको म्हणून दोन्ही हातांनी धरला, शुभदा. आणि लाट आली. माझा एक हात पण मोकळा नव्हता."

"ओरडलात?"

"ओरडलो. कुणी नव्हतं. मग तो ड्रोनच उडवला. वाटलं, वरून दिसेल. माझा फोन खिशात होता, कुणाला लावायचं आठवलंच नाही. मग बसमध्ये कसा बसलो ते आठवत नाही. घरी आलो तर तू विचारलंस, कौस्तुभ कुठाय? मी म्हटलं, येईल." त्यांचा चेहरा पार वाकडा झाला. "एकदा म्हटलं येईल. मग पुढचं बोलताच येईना. रोज ठरवतो, आज सांगतो."

"तिथले मच्छीमार म्हणतात, भरतीत तिथं कुणीच वाचत नाही," मी घाईघाईनं सांगितलं. "हात मोकळा असता तरी. होड्या असत्या तरी." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

वहिनी त्यांच्यासमोर खाली बसल्या. मला वाटलं मारतील. त्यांच्या जागी मी असते तर मारलं असतं.

"लोक त्याच्याबद्दल काय काय बोलले, तुम्ही ऐकलंत," त्या म्हणाल्या. "मी त्याला शिव्या घातल्या, त्याही ऐकल्यात. आईला न सांगता गेला म्हणून. तुम्ही इथंच बसला होतात."

"हो."

"त्यानं धरा म्हटलं म्हणून धरलंत. त्याचं मी काही म्हणणार नाही. कधीच म्हणणार नाही. पण हे मला विसरता येणार नाही."

"नको विसरू."

मी उठायच्या बेतात होते. रहस्य सोडवणाऱ्याचं काम संपलं की त्यानं निघावं, कारण खरा गुंता त्याच्यानंतर सुरू होतो, आणि तो सोडवायला त्याची काही मदत होत नाही. पोलिसांना सांगावं लागेल, एवढं मी पुटपुटले. वहिनींनी मान हलवली.

"उद्या जाऊ. दोघंही जाऊ." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "हसत होता का? वर देताना?"

उत्तमरावांनी डोळे मिटले. "हो. पँट भिजली म्हणून हसत होता."

त्यावर शुभदावहिनींच्या तोंडून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. रडणंच होतं ते, पण त्यात राग नव्हता. नुसता मुलगा गेला होता, बाकी सगळं त्यांच्यावरून उतरलं होतं. उत्तमराव पुढे सरकले, पण हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही.

रडणं ओसरल्यावर त्या पदरानं तोंड पुसत उठल्या.

"मला ती जागा दाखवा," त्या म्हणाल्या. "तो कुठं उभा होता, तेवढं दाखवा."

"उद्या जाऊ," ते म्हणाले.

"उद्या नाही. आत्ता." आणि त्या दाराशी जाऊन दोघांच्या चपला शोधू लागल्या.